११ एप्रिलला बँकॉकला उतरतोय, पुढे सगळं ट्रेन-बसने, पण तिकिटंच मिळत नाहीयेत

तांबडा_पांढरा

नमस्कार मंडळी. मी आणि माझी कॉलेजची मैत्रीण, दोघी २६-२७ च्या, मी कोल्हापूरची ती सांगलीची, सध्या दोघी पुण्यात नोकरीला. १४ एप्रिलची सुट्टी आणि साठवलेली रजा जोडून पंधरा दिवस काढलेत. विमान स्वस्त मिळालं म्हणून आधी तेच बुक केलं, ते आता रद्द होत नाही आणि तारखाही बदलत नाहीत. ११ एप्रिल सकाळी बँकॉकला उतरणार, २६ ला रात्री परत.

प्लॅन असा होता की ११ च्याच रात्रीच्या ट्रेनने चियांग माय, तिथून बसने पाय नावाचं गाव, मग चियांग राय, परत येताना सुखोथाय, अयुथ्या, एक दिवस बँकॉक आणि मग ट्रेनने खाली सुराट थानीला जाऊन एखादं बेट. मधे विमान अजिबात नाही, पाठीवर एक एक सॅक आणि ट्रेन-बस, कारण मला गाव बघत जायला आवडतं आणि आमचं बजेटही तेवढंच आहे.

आता अडचण अशी की ११ आणि १२ च्या चियांग मायच्या सगळ्या स्लीपर फुल दाखवतंय, बसचं पण बऱ्याच ठिकाणी तेच. ऊन किती असतं तेही नीट कळत नाहीये, कोणी म्हणतं आपल्यासारखंच, कोणी म्हणतं दुपारी बाहेर पडूच नका. मैत्रिणीला लहानपणापासून दमा आहे, पंप कायम जवळ असतो, तसा त्रास कमी असतो पण धुळीने वाढतो. आणि ती शुद्ध शाकाहारी आहे, मी नाही. तर तिकीट नसेल तर जनरलने जायचं का, दोघी मुलींनी रात्रीची ट्रेन बरी की बस, आणि एवढं सगळं १५ दिवसांत होईल का, जे माहिती असेल ते सांगा, लई टेन्शन आलंय.

---

पाठपिशवी

ट्रेन फुल असली तर बस बघा, टेन्शन घेऊ नका. बँकॉकचं उत्तरेकडचं मोठं बस स्टँड म्हणजे मो चित, तिथून चियांग मायला दिवसभर बस सुटतात, सणाला जादा गाड्याही सोडतात. सरकारी बस कंपनीला तिकडे बो खो सो म्हणतात, तिची किंवा २४ सीटवाली व्हीआयपी घ्या, सीट खूप मागे जाते, पांघरूण देतात, खाऊचा पुडा देतात, रात्री मधे जेवायला थांबते. साधारण दहा तास. मी दोन वर्षं बँकॉकला कामाला होतो, तेव्हा ट्रेनपेक्षा बसनेच जास्त फिरलो, कारण बस जिथे जायचंय त्या गावात सोडते आणि ट्रेन बऱ्याच ठिकाणी गावाबाहेर. सुखोथायला तर ट्रेनच नाही, फित्सानुलोकला उतरून तासभर बस करावी लागते.

---

गिरगाव_ते_सुखुमवित

मी अकरा वर्षं बँकॉकला राहतेय, आणि पाठपिशवी यांचं बसबद्दलचं सगळं खरं असलं तरी या तारखांना ते लागू होत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१३, १४, १५ एप्रिल म्हणजे सोंगक्रान. थाई नववर्ष. शब्द आपल्या संक्रांतीचाच, सूर्य मेषेत जातो ती मेषसंक्रांत. हा त्यांचा गणपती आणि दिवाळी एकत्र असा सण, आणि बँकॉकमध्ये पोटासाठी आलेला प्रत्येक माणूस या वेळी गावी जातो. गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत दादरहून कोकणात जायला निघालेल्या माणसाची जी गत होते तीच ११ आणि १२ ला इथे होते. तुम्ही नेमक्या त्या गर्दीच्या दिवशी, त्या गर्दीच्याच दिशेने जायचं ठरवलंय. तिकीट नाही मिळालं ते बरंच झालं.

दुसरं म्हणजे रस्ता. सोंगक्रानच्या आठवड्याला इथे सात धोक्याचे दिवस म्हणतात, सरकार रोज अपघातांचे आकडे जाहीर करतं, इतके अपघात होतात. दारू पिऊन चालवणारे, झोप न झालेले ड्रायव्हर, मोटरसायकलवर ओले होऊन फिरणारी पोरं. या सात दिवसांत रात्रीची लांबची बस मी माझ्या घरच्या कोणाला घेऊ देत नाही, तुम्हालाही तेच सांगेन. भाड्याची स्कूटर तर नकोच.

तिसरं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, तुझ्या मैत्रिणीचा दमा. फेब्रुवारी ते एप्रिल उत्तर थायलंडमध्ये शेतातला पालापाचोळा, कडबा जाळतात, जंगलात वणवे असतात, शेजारच्या म्यानमार आणि लाओसमधूनही धूर येतो. चियांग माय चहूबाजूंनी डोंगर असलेल्या खोऱ्यात आहे, तो धूर तिथेच बसून राहतो. काही दिवस असे असतात की शहरामागचा दोई सुथेप डोंगर दिसतसुद्धा नाही. पाऊस झाला की धुऊन जातं पण एप्रिलच्या मध्यात पाऊस येईल याचा भरवसा नाही. दमा असलेल्या माणसाला घेऊन या महिन्यात उत्तरेला जाऊ नका. चियांग माय नोव्हेंबर-डिसेंबरात बघा, तेव्हा ते खरंच सुंदर असतं, सकाळी अंगावर शाल लागते.

मग काय करायचं. ११ ला उतरा आणि कुठेही जाऊ नका. सगळे गावी गेल्यावर बँकॉक जे रिकामं होतं ते वर्षात एकदाच मिळतं, रस्त्यांवर गाड्या नसतात, बोटीत बसायला जागा मिळते. १३ ला सोंगक्रान बघा. सिलोम आणि खाओ सान रोडला तोबा गर्दी असते, पिचकाऱ्या, बर्फाचं पाणी, सगळं. मला विचाराल तर सकाळी लवकर एखाद्या वस्तीतल्या वाटमध्ये म्हणजे देवळात जा, तिथे लोक बुद्धाच्या मूर्तीवर सुगंधी पाणी घालतात, मग घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या हातावर पाणी घालून आशीर्वाद घेतात. माझ्या शेजारच्या आजी दरवर्षी मला खुर्चीसमोर बसवून घेतात आणि ओल्या हाताने डोक्यावरून हात फिरवतात, मला माझ्या आजीची आठवण येते. रस्त्यावरच्या पाण्याच्या मारामारीच्या आधीचा हा सण आहे आणि तो बघायला कोणी अडवत नाही, फक्त खांदे आणि गुडघे झाकलेले असू द्या.

मोबाईल आणि पासपोर्टला प्लास्टिकची पिशवी घ्या, तीन दिवस कोरडं कोणी राहत नाही.

आणि १५ संध्याकाळ ते १७ सगळे परत बँकॉककडे येतात. तेव्हा तुम्ही उलट दिशेने, दक्षिणेला निघायचं. तिकिटं बघा, १७ ची मिळतील.

---

भुसावळ_जंक्शन

बेटा, गिरगावच्या ताईंनी मुद्द्याचं सगळं सांगितलं. मी फक्त गाडीबद्दल सांगतो, आयुष्य रेल्वेत गेलं, निवृत्त झाल्यावर मी आणि सौ. दोनदा थायलंड फिरलो, दोन्ही वेळा पूर्ण रेल्वेने.

आधी एक समजून घे की तिथे जनरल डबा म्हणजे थर्ड क्लास, त्याला रिझर्वेशन लागत नाही, पंखा, उघड्या खिडक्या, बाकडी, आणि भाडं ऐकून खोटं वाटेल इतकं कमी. बँकॉक ते अयुथ्या ७१ किलोमीटर, तिकीट २० बाथ, म्हणजे पन्नास-पंचावन्न रुपये. पण हा डबा सकाळी दहापर्यंत. त्यानंतर पत्रा तापतो, खिडकीतून येणारा वारा भट्टीसारखा लागतो, आणि एप्रिलात चाळिशी सहज गाठते. आम्ही भुसावळची माणसं, उन्हाची सवय आहे, पण तिथलं ऊन दमट आहे, घाम वाळतच नाही, आपल्या खानदेशी कोरड्या उन्हापेक्षा ते जास्त थकवतं. म्हणून टाइमटेबल उन्हाकडे बघून कर. लांबचा पल्ला रात्री स्लीपरने, जवळचा पल्ला पहाटेच्या पहिल्या गाडीने, आणि अकरा ते चार कुठेतरी सावलीत.

स्लीपरचं सांगतो. सेकंड क्लास एसी स्लीपरमध्ये आपल्यासारखे आडवे बर्थ नसतात, दोन्ही बाजूला सगळे साइड लोअर आणि साइड अप्परच असतात, मधून बोळ. फक्त आपल्या साइड लोअरपेक्षा खूप रुंद, पडदा असतो, रात्री अटेंडंट येऊन गादी, चादर, उशी स्वतः घालून देतो. लोअर घ्या, थोडा महाग पण रुंद असतो आणि खिडकी असते, अप्परला ती नसते आणि वरचा दिवा डोळ्यावर येतो. सुराट थानीपर्यंत साधारण ८०० ते १००० बाथ धरा. एसी मात्र इतका गार ठेवतात की बाहेर चाळीस आणि आत कानटोपी. शाल आणि मोजे हाताशी ठेवा, सॅकच्या तळाशी नको. काही रात्रीच्या गाड्यांना बायका-मुलांचा वेगळा डबा असतो, तिकीट काढताना तो पर्याय बघा. गाडीत आणि स्टेशनात दारूला २०१४ पासून बंदी आहे त्यामुळे रात्री शांतता असते, आमच्या सौ. निर्धास्त झोपल्या.

स्टेशनचा घोळ करू नका. लांबच्या गाड्या १९ जानेवारी २०२३ पासून नव्या क्रुंग थेप अभिवत टर्मिनलवरून सुटतात, ते बांग स्यूला आहे, मेट्रो थेट खाली येते. जुनं हुआ लम्फोंग १९१६ चं, घुमटवालं, तिथून आता साध्या पॅसेंजर तेवढ्या सुटतात. आणि कांचनाबुरीची गाडी या दोन्हीकडून नाही, ती नदीपलीकडच्या थोनबुरीहून सुटते, दिवसाला दोनच, एक सकाळी आठच्या आत आणि एक दुपारी. तुम्हाला सकाळचीच.

ही कांचनाबुरीची गाडी चुकवू नका हे माझं हात जोडून सांगणं. परदेशी माणसाला १०० बाथ. १९४२-४३ मध्ये जपान्यांनी युद्धकैदी आणि मजूर जुंपून बर्मापर्यंत ४१५ किलोमीटर लाइन टाकली, तिचा उरलेला तुकडा आहे हा, नाम तोकपर्यंत जातो. कांचनाबुरीचा नदीवरचा लोखंडी पूल सगळे बघतात, त्याच्या कमानीवाल्या तुळया मूळच्या, मधल्या दोन सरळ आहेत त्या बॉम्बहल्ल्यानंतर बसवलेल्या. पण त्याच्या पुढे थाम क्रासे म्हणून जागा आहे, तिथे गाडी कड्याला चिकटून लाकडी खांबांवरून चालते, चालण्याच्या वेगाने, खाली नदी. जाताना डाव्या बाजूला बसा. मी आयुष्यभर पूल आणि बोगदे बघितले पण त्या लाकडांवरून जाताना मी टोपी काढली. बारा हजारांच्या वर युद्धकैदी मेले, स्टेशनाजवळच्या स्मशानभूमीत त्यांच्या कबरी ओळीने आहेत, नावं कोरलेली. पण त्यांच्या कितीतरी पट आशियाई मजूर मेले, त्यात मलायातल्या रबराच्या मळ्यांतून नेलेले तमिळ खूप होते, आपलीच माणसं, आणि त्यांच्या अशा नाव कोरलेल्या कबरी नाहीत. शेजारी रेल्वेचं म्युझियम आहे तिथे ही माहिती मिळते. तासभर द्या.

आता एक युक्ती. कांचनाबुरीहून दक्षिणेला जायला बँकॉकला परत यायची गरज नाही. दुपारच्या पॅसेंजरने नाखोन पाथोमला उतरा. दक्षिणेच्या रात्रीच्या गाड्या तिथे थांबतात, बँकॉकहून सुटल्यावर तास-सव्वातासाने येतात. तिकीट काढतानाच चढायचं स्टेशन नाखोन पाथोम टाका. मधल्या वेळात स्टेशनसमोरचा स्तूप बघा, साधारण १२० मीटर उंच आहे, संध्याकाळी त्याच्याभोवती खाण्याचा बाजार भरतो. नाखोन पाथोम म्हणजे नगर प्रथम. आमचा तर खिडकीतून पाट्या वाचण्यातच वेळ जायचा. फित्सानुलोक म्हणजे विष्णुलोक, सुखोथाय म्हणजे सुखोदय, लोपबुरी लवपुरी, राचबुरी राजपुरी. आगगाडीला थाईत रोत फाय म्हणतात, रोत म्हणजे आपला रथ आणि फाय म्हणजे आग. आगगाडी! हे कळलं त्या दिवशी मी सौ.ना तीन वेळा ऐकवलं.

आणि सुराट थानी. हे नाव तिथल्या राजाने १९१५ मध्ये आपल्या सुरतेवरून ठेवलं आणि तिथल्या नदीला नाव दिलं तापी. आपली तापी. भुसावळला माझ्या घरापासून वीस मिनिटांवर आहे ती, तिच्या पुलावरून मी हजारो वेळा गेलोय, आणि तिकडे पहाटे फलाटावर उतरून तापीच्या काठी चहा प्यायलो, डोळ्यात पाणी आलं.

---

तांबडा_पांढरा

ताई, काका, काय बोलू, इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. धुराचं आम्हाला काहीच माहिती नव्हतं, फोटोत सगळीकडे हिरवंगार दिसतं. मैत्रिणीला वाचून दाखवलं, ती थोडा वेळ गप्प बसली कारण चियांग माय तिच्याच डोक्यात होतं, मग म्हणाली दक्षिणेला जाऊ, नोव्हेंबरात परत येऊ.

मग दक्षिणेत बस आणि बेटं कशी करायची, आणि तिच्या जेवणाचं काय, ते सांगा. तिच्या घरी सगळे सांगतायत की तिकडे भातात पण मासा असतो.

---

पाठपिशवी

ताईंचं बरोबर आहे, मी सणाच्या तारखा डोक्यात न धरता लिहिलं. दक्षिणेचं मला नीट माहिती आहे.

सुराट थानी स्टेशन खरं तर फुनफिन नावाच्या गावात आहे, शहरापासून साधारण १३ किलोमीटर. स्टेशनसमोरच बस आणि मिनीव्हॅनवाले असतात. तिथून दोन रस्ते. एक पश्चिमेला खाओ सोकचं जंगल, दोनेक तास. एक पूर्वेला डोनसाकची जेट्टी, तिथून फेरीबोटीने को समुई किंवा को फांगान. एप्रिल अखेरीला आखाताच्या बाजूचा समुद्र शांत असतो, पाऊस तिकडे ऑक्टोबर ते डिसेंबर. अंदमान बाजूला म्हणजे क्राबी-फुकेतकडे मेपासून पावसाळा चालू होतो, तर तुम्हाला को फांगानच बरं.

पण आधी खाओ सोक करा. १९८० च्या दशकात धरण बांधून तयार झालेला चिओ लानचा तलाव आहे, पाण्यातून चुनखडीचे सरळसोट कडे वर आलेत. कोयनेचं शिवसागर बघितलं असेल तर पाणी कसं डोंगरात शिरतं ते कळेल, फक्त इथे डोंगर भिंतीसारखे उभे. पाण्यावर तराफ्यांची घरं असतात, एक रात्र तिथे राहा. पहाटे साडेपाचला गिबन ओरडतात, आधी एक, मग समोरच्या डोंगरावरून दुसरा. झाडी असल्यामुळे ऊनही सुसह्य असतं.

मिनीव्हॅनमध्ये सॅक मोठी असली तर तिच्या सीटचे पैसे मागतात, म्हणून ४० लिटरच्या वर नेऊ नका. गावात फिरायला सोंगथाव, पिकअपला मागे समोरासमोर दोन बाकडी, आपलं वडापच. हात केला की थांबतं, उतरायचं असलं की छतावरचं बटण दाबायचं. चढायच्या आधी भाडं विचारून घ्या.

एक गोष्ट माझ्या अंगावर आलेली सांगतो. खाओ सान रोडवर एका दुकानात बस अधिक बोट असं एकत्र तिकीट सरकारी बसपेक्षा स्वस्तात मिळालं, रात्रीची टुरिस्ट बस होती. सॅक खाली डिकीत टाकली, सकाळी काढली तर आतली पाकिटं उलटीपालटी, बाजूच्या कप्प्यातले डॉलर आणि चार्जर गायब. तक्रार केली तर बसवाला म्हणाला दुकानाला विचारा, दुकान बँकॉकला. असं बऱ्याच जणांचं झालंय. पैसे, पासपोर्ट, औषधं, पंप हे सगळं लहान पिशवीत, आणि ती झोपताना मांडीवर. तिकीट बस स्टँडच्या खिडकीवर किंवा स्टेशनातच काढायचं.

---

नाशिकची_मीनल_नव्हे

जेवणाचं मी सांगते, मी शाकाहारी आहे आणि गेल्या वर्षी एप्रिलातच गेले होते.

भातात मासा नसतो. पण नाम प्ला म्हणजे माशाचा सॉस, तो भाजीत, सॅलडमध्ये, सगळ्यात असतो, आणि तिथल्या लोकांना तो मांसाहार वाटत नाही, आपण मीठ घालतो तसं ते घालतात. म्हणून नुसतं व्हेज सांगून उपयोग नाही. दोन शब्द पाठ करा. एक ‘जे’, म्हणजे तिकडचं कडक शाकाहारी. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरात लिहिलेलं असतं, अशा हातगाडीवर किंवा खानावळीत मासा, अंडं, दूध काही नाही, इतकंच काय कांदा-लसूणसुद्धा नाही. माझ्या जैन मैत्रिणीला हे सांगितलं तर तिचा विश्वासच बसला नाही. ‘किन जे’ म्हणायचं, म्हणजे मी ‘जे’ खाते. दुसरा शब्द मंगसविरात, आपला मांसविरती, त्यात अंडं-दूध चालतं. आणि साध्या हॉटेलात माय साय नाम प्ला, म्हणजे नाम प्ला घालू नका. शेवटी खा लावायचं, बायका आदराने तसं म्हणतात.

देवळाजवळ आणि चिनी वस्तीत जेची दुकानं हमखास असतात. सकाळी दहाच्या आत जा, दुपारी संपतं. जिथे काहीच नाही तिथे मोकळा भात, परतलेली मॉर्निंग ग्लोरीची भाजी नाम प्लाशिवाय, आणि टोफू. सोम तामच्या कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत सुकी कोलंबी कुटलेली असते, ती आधीच नको म्हणा. आणि एप्रिल म्हणजे आंब्याचा महिना, खाओ निआव मामुआंग, चिकट भात, नारळाचं घट्ट दूध आणि पिवळाधमक आंबा. हापूस नाही तो, लांबट असतो, जरा कमी वासाचा, पण मी रोज खाल्ला. घरून भडंग, दाण्याची चटणी, मेतकूट न्या, रात्रीच्या ट्रेनमध्ये भात आणि मेतकूट खाल्लं की पोट शांत.

आता उन्हाचं. मी अयुथ्याला सकाळी दहाला पोचले, सायकल भाड्याने घेतली, म्हटलं आपण नाशिकचे, काय होतंय. वाट महाथातला झाडाच्या मुळांतलं बुद्धाचं मस्तक बघितलं आणि पुढच्या देवळाकडे जाताना साडेबाराला डोळ्यापुढे अंधार आला. सगळं उघडं विटांचं मैदान आहे, १७६७ मध्ये बर्मी सैन्याने शहर जाळल्यापासून छपरंच नाहीत, सावली कुठून असणार. एका ताईने मला ओढून दुकानात बसवलं, मानेवर बर्फाची पिशवी ठेवली, मिठाचं पाणी दिलं, पैसे घेतले नाहीत. मला तिचं नावही विचारायचं सुचलं नाही, त्याची अजून चुटपुट लागते.

तेव्हापासून मी काय केलं, तर सकाळी उठल्याबरोबर तहान नसताना अर्धा लिटर पाणी, दिवसाला दोन ओआरएसची पाकिटं, ती सेव्हन इलेव्हनमध्ये आणि औषधाच्या दुकानात मिळतात. सुती पंचा ओला करून मानेवर. जीन्स घरी ठेवली. दुपारी खोलीत झोप, मनात अपराधी न वाटता, कारण तिथलीही माणसं तेच करतात, बाजार संध्याकाळी पाचनंतरच जिवंत होतो. गल्लीगल्लीत पाण्याचं मशीन असतं, एक बाथला साधारण लिटरभर, बाटली भरून घ्यायची. आणि मैत्रिणीला एक सांग, बाहेरच्या उन्हातून एकदम गार एसीत शिरलं की माझ्या दमेकरी भावाला ढास लागते, तर दारात दोन मिनिटं थांबून, नाकावर ओढणी धरून आत जायचं. पंप दोन न्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा.

---

तांबडा_पांढरा

सगळ्यांचं वाचून काल रात्री दोघी वही घेऊन बसलो. आता असं ठरलंय.

११ ते १३ बँकॉक, फक्त सकाळ-संध्याकाळ फिरणं, १३ ला वस्तीतलं देऊळ. १४ ला सकाळच्या गाडीने थोनबुरीहून कांचनाबुरी, तिथे तीन रात्री, त्यात एक सकाळ नाम तोकपर्यंत डाव्या खिडकीत. १७ ला दुपारी नाखोन पाथोम, रात्री स्लीपरने सुराट थानी, दोन्ही लोअर मिळतायत, अजून पैसे भरले नाहीत. १८ ते २० खाओ सोक, एक रात्र तराफ्यावर. २१ ते २३ को फांगान. २४ आणि २५ मोकळे आहेत, बँकॉकला यायचं आहे पण रात्रीची गाडी की दिवसाची कळत नाहीये. २६ सकाळी अयुथ्या, पहिल्या गाडीने जाऊन दहाला परत फिरणार, रात्री विमान.

सुखोथाय, पाय, चियांग राय सगळं गेलं. वाईट वाटलं पण वहीवर बघितलं तर पहिल्यांदा असं वाटलं की हे जमेल.

---

गिरगाव_ते_सुखुमवित

छान झालंय. दोन गोष्टी.

पहिली, १७ ची गाडी कुठली घेताय ते पैसे भरायच्या आधी बघ. बँकॉकहून दुपारी चार-पाचच्या सुमाराला सुटणाऱ्या गाड्या सुराट थानीला मध्यरात्रीनंतर दोन-तीनला पोचतात, तेव्हा स्टेशनबाहेर काही चालू नसतं. संध्याकाळी उशिरा सुटणारी घ्या, ती पहाटे उजेडाच्या सुमाराला पोचते. थाई गाड्या तासभर उशिरा असतात पण लवकरही येऊ शकतात, गजर लावून ठेवा, अटेंडंटलाही सांगा.

दुसरी, २४ ला बेटावरून निघून दिवसाच्या गाडीने प्रचुअप खिरी खानला उतरा. हे गाव परदेशी लोकांच्या यादीत फारसं नसतं. स्टेशनातून सरळ दहा-पंधरा मिनिटं चाललं की समुद्र, मधे बाजार, आणि डोंगरावर देऊळ. खिरी म्हणजे गिरीच. जवळ आओ मनाओ म्हणून किनारा आहे, हवाई दलाच्या तळाच्या आत, गेटवर नोंद करून सोडतात, तिथल्या डोंगराच्या पायथ्याशी डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळं असलेली काळी वानरं असतात, अगदी शांत. बँकॉकमधले लोक तिथे घरचं खाणं घेऊन सुट्टीला येतात. रात्री बंदरावर वारा सुटतो आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा अंगाला गार वाटतं. २५ ला सकाळी गाडी पकडा, दुपारपर्यंत बँकॉक.

सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला स्टेशनावर राष्ट्रगीत लागतं, तेव्हा सगळा फलाट उभा राहतो, चालणारा माणूसही जागच्या जागी थांबतो. तुम्हीही थांबा.

आणि तिकडे पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरावं लागतं, मे २०२५ पासून ते सक्तीचं आहे आणि फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही, लगेच बंद कर. व्हिसाचे नियम मधेमधे बदलतात, तर निघायच्या आठवडाभर आधी दूतावासाच्या साइटवर एकदा बघून घे.

---

भुसावळ_जंक्शन

सुराट थानीला उतरलात की तापीचा एक फोटो इथे टाका. सौ. रोज विचारतायत त्या दोन पोरींचं काय ठरलं म्हणून.

---

तांबडा_पांढरा

टाकते काका, नक्की. उशिरा सुटणाऱ्या गाडीची दोन लोअर आत्ताच काढली, १७ एप्रिल, नाखोन पाथोम ते सुराट थानी.